मानेत गाठ लागते आणि ओसरत नाही: निदान कोणत्या क्रमाने करायचं

मानेतल्या गाठीच्या निदानात तपासण्या कोणत्या केल्या, यापेक्षा त्या कोणत्या क्रमाने केल्या याला जास्त महत्त्व असतं. गाठ आधी कापून काढायची आणि मग कळायचं की मूळ कॅन्सर टॉन्सिलमध्ये होता. किंवा सुई आधी घालायची आणि मग कळायचं की ती गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली होती. हे पुन्हा पुन्हा घडतं. दुर्मीळ ट्यूमरच्या बाबतीत तर पहिला तुकडा चुकीच्या पद्धतीने घेतला गेला, तर पुढच्या सगळ्या उपचारांची दिशाच चुकू शकते.

हा लेख रुग्णासाठी आहे, फाइल घेऊन सोबत फिरणाऱ्या नातेवाइकासाठी आहे आणि गाठीला पहिल्यांदा हात लावणाऱ्या फॅमिली डॉक्टरसाठीही आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात.

थांबायचं नाही अशी वेळ: श्वास घेताना घरघर होणं, स्वतःची लाळही गिळता न येणं, तापाबरोबर तोंड उघडेनासं होणं, तासातासाला वाढणारी सूज. यातलं काहीही असेल तर खालचं सगळं बाजूला ठेवा आणि थेट तातडीच्या विभागात जा.

## पायरी १: डॉक्टरांकडे जाण्याआधी कागदावर लिहून काढा

डॉक्टरांनी "गाठ कधीपासून आहे?" असं विचारलं की रुग्ण सांगतो ती तारीख बहुतेक वेळा गाठ लक्षात आल्याची असते. दाढी करताना किंवा गळ्यातलं घालताना हाताला लागलेली गाठ त्याआधी कित्येक महिने तिथे असू शकते. म्हणून "लक्षात कधी आली" आणि "तेव्हापासून वाढली का" या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच कोनातून काढा.

त्यासोबत हेही लिहा:

- जेवताना फुगते आणि नंतर उतरते का? तसं असेल तर लाळग्रंथीच्या नळीत खडा असण्याची शक्यता असते.
- आवाज बसला आहे का, घास अडकतो का, एकाच बाजूचं नाक चोंदतं किंवा नाकातून रक्त येतं का?
- कान तपासल्यावर ठीक दिसतो, तरी दुखतो का? घशातला किंवा जिभेच्या मुळाशी असलेला आजार कानात दुखणं पाठवतो.
- ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, सहा महिन्यांत वजनात १० टक्क्यांहून जास्त घट.
- अधूनमधून धडधड, डोकेदुखी आणि घाम एकदम येतो का? रक्तदाब अचानक चढतो का?
- तंबाखू, दारू, पूर्वी मानेवर घेतलेलं रेडिएशन, टीबीच्या रुग्णाशी संपर्क.
- डोक्यावरचा, चेहऱ्यावरचा किंवा कानामागचा एखादा तीळ किंवा चट्टा कधी काढला होता का? हे जवळजवळ कुणीच आपणहून सांगत नाही.
- घरात कुणाला थायरॉइडचा, अॅड्रिनलचा (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा) किंवा मानेतला ट्यूमर झाला होता का?
- चालू औषधं. रक्त पातळ करणारी गोळी सुईच्या तपासणीआधी माहीत असावी लागते. फिटसाठीच्या फेनिटोइनमुळेही लसिकाग्रंथी (संसर्गाशी लढणाऱ्या लहान ग्रंथी, लिम्फ नोड) सुजू शकतात.

सावधान: निदान होण्याआधी सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड घेऊ नका. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) असेल तर गाठ काही दिवसांत लहान होते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात निदानाला पुरेशा पेशीच सापडत नाहीत.

## पायरी २: अँटिबायोटिकचा एकच कोर्स, तोही कारण असेल तर

गाठ लाल आहे, गरम आहे, दाबली की दुखते, ताप आहे, दात किंवा घसा नुकताच दुखून गेला आहे, अशी जंतुसंसर्गाची खूण असेल तर अँटिबायोटिक योग्यच. पण कोर्स झाल्यावर पुन्हा तपासायची तारीख त्याच दिवशी ठरवा. गाठ पूर्ण गेली पाहिजे. अर्धी उतरली म्हणजे बरी झाली असं धरू नका. ट्यूमरलाही वरून संसर्ग होतो आणि औषधाने तेवढाच भाग उतरतो.

संसर्गाची खूण नसताना "देऊन बघू" म्हणून दिलेल्या औषधांमध्ये सर्वाधिक वेळ वाया जातो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली प्रौढांसाठी काढलेल्या सूचनांचा रोखही हाच आहे. त्या सूचनांनुसार दोन आठवडे किंवा जास्त काळ टिकलेली, किंवा कधीपासून आहे ते नक्की सांगता न येणारी गाठ संशयित धरायची. गाठ १.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, घट्ट लागत असेल, आजूबाजूला चिकटलेली असेल किंवा वरच्या कातडीवर जखम असेल, तरीही संशय धरायचा.

टीबीच्या बाबतीतही हेच. पुरावा नसताना टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिने "फरक पडतो का" ते पाहणं हे निदान नव्हे. त्या काळात लिम्फोमा किंवा घशाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात जातो.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. मुलांच्या मानेत सर्दी-खोकल्यानंतर लहान, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या ग्रंथी लागतातच, आणि चार ते सहा आठवडे लक्ष ठेवणं चालतं. मात्र गाठ हाडाइतकी कडक असेल, दोन सेंटिमीटरहून मोठी होऊन वाढत असेल, गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल किंवा सोबत वजन घटत असेल, तर मुलाच्या बाबतीतही वाट पाहू नये.

## पायरी ३: हाताने तपासणी, घाई न करता

रुग्णाला बसवा, गळपट्टीच्या हाडापर्यंत मान उघडी हवी. आधी नुसतं पाहा. मग पाण्याचा घोट गिळायला सांगा आणि नंतर जीभ बाहेर काढायला सांगा. गिळताना वर सरकणारी गाठ थायरॉइडशी संबंधित असू शकते. मध्यरेषेतली गाठ जीभ बाहेर काढतानाही वर गेली, तर थायरोग्लॉसल सिस्टचा (थायरॉइड जिभेच्या मुळापासून खाली येते त्या वाटेत उरलेल्या पाण्याच्या जन्मजात पिशवीचा) विचार येतो.

यानंतर जागा. मानेतली लसिकाग्रंथी कुठे आहे त्यावरून मूळ आजार कुठे शोधायचा ते ठरतं. हनुवटीखाली असेल तर ओठ, जीभ, तोंडाचा तळ. जबड्याच्या कोनाखाली असेल तर टॉन्सिल, जिभेचं मूळ, नाकामागचा घसा. मानेच्या मधल्या पट्ट्यात असेल तर स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या तोंडाचा भाग. मानेच्या मागच्या त्रिकोणात असेल तर नाकामागचा घसा आणि डोक्याची कातडी. गळपट्टीच्या हाडाच्या वर, विशेषतः डावीकडे असेल, तर छाती आणि पोट. या शेवटच्या जागेची गाठ कोणत्याही वयात गंभीरपणे घ्यावी.

मानेच्या वरच्या भागात, कॅरोटिड (मेंदूकडे रक्त नेणारी) धमनी दुभागते तिथे असलेली गाठ अंगठा आणि तर्जनीत हलकेच धरून हलवून पाहा. पुढे-मागे सहज सरकते, पण वर-खाली हलत नाही, असं असेल तर ती धमनीला किंवा तिथल्या उभ्या मज्जातंतूला बांधलेली असू शकते. बोटांना ठोके जाणवतात का ते पाहा, स्टेथोस्कोप ठेवून खळखळ ऐका. अशी गाठ दाबल्यावर खोकल्याची उबळ आली, तर व्हेगस मज्जातंतूच्या श्वानोमाची (मज्जातंतूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीची) शंका घ्यावी. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण तिच्यामुळे पुढे चुकीच्या जागी जाणारी सुई थांबते. माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते याच अर्ध्या मिनिटाकडे.

तपासून घ्या: गाठ खरंच गाठ आहे का? जिभेखालच्या हायॉइड हाडाचं टोक, पहिल्या मणक्याचा बाजूचा काटा, वयानुसार खाली उतरलेली जबड्याखालची लाळग्रंथी आणि वयस्कर माणसाची वळसे घेणारी कॅरोटिड धमनी, या चारही गोष्टी गाठ म्हणून पाठवल्या जातात. दुसऱ्या बाजूशी तुलना केली की बऱ्याचदा उलगडा होतो.

डोक्याची कातडी, कानामागचा भाग, काखा, जांघा आणि प्लीहा तपासल्याशिवाय ही पायरी संपत नाही.

## पायरी ४: तोंड आणि घसा आतून पाहणे

कवळी असेल तर काढायला सांगा. जिभेच्या दोन्ही कडा, तोंडाचा तळ, टॉन्सिल नीट उजेडात पाहा. मग हातमोजा घातलेल्या बोटाने टॉन्सिल आणि जिभेचं मूळ चाचपा. जिभेच्या मुळाशी पृष्ठभागाखाली वाढणारा कॅन्सर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कडक लागतो. रुग्णाला उमासा येतो, म्हणून हे टाळलं जातं. आधी कल्पना दिली तर बहुतेक जण सहन करतात.

त्यानंतर नाकातून लवचीक दुर्बीण घालून नाकामागचा घसा, जिभेचं मूळ, स्वरयंत्र आणि दोन्ही स्वरतंतूंची हालचाल पाहायची. हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञांचं. संशयित गाठ असलेल्या प्रौढाला या तपासणीशिवाय "गाठ काढून टाकू" असं कुणी सांगितलं, तर नम्रपणे पण ठामपणे दुर्बिणीबद्दल विचारा.

## पायरी ५: आधी प्रतिमा, मग सुई

सुई घातल्यावर आत थोडं रक्त साचतं आणि नंतरच्या स्कॅनमध्ये चित्र गढूळ होतं. हे एक कारण. दुसरं जास्त मोठं आहे: काही गाठींत सुई घालायचीच नसते, आणि ते प्रतिमेवरूनच कळतं.

थायरॉइडची गाठ, मुलांची मान आणि वरवरच्या ग्रंथी यांसाठी सोनोग्राफीने सुरुवात करा. तिच्यात ग्रंथीचा आकार लांबट आहे की गोल झाला आहे, मधली चरबीची रेष शाबूत आहे का, बारीक चुन्याचे कण आहेत का, हे दिसतं. प्रौढातल्या संशयित गाठीसाठी कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, चित्रात उजळणारं औषध) देऊन सीटी किंवा एमआरआय हवा. कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या मानेच्या सीटीचा इथे फारसा उपयोग होत नाही, मग तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो. क्रिअॅटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि अॅलर्जीची माहिती आधी तयार ठेवा. थायरॉइडच्या कॅन्सरची शंका असेल तर सीटीतल्या आयोडीनमुळे रेडिओआयोडीनचा उपचार काही आठवडे पुढे जातो, म्हणून तसं आधी बोलून घ्या.

आता कॅरोटिडजवळच्या गाठी. दुर्मीळ ट्यूमर इथेच जास्त भेटतात.

- कॅरोटिड बॉडी ट्यूमर (पॅरागँग्लिओमा, म्हणजे धमन्या-मज्जातंतूंजवळच्या खास पेशींचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला ट्यूमर) दुभागणाऱ्या धमनीच्या बेचक्यात बसतो आणि आतली व बाहेरची कॅरोटिड एकमेकींपासून फाकवतो. कॉन्ट्रास्ट दिला की झगझगीत उजळतो, आणि मोठा असेल तर एमआरआयमध्ये मीठ-मिरी विस्कटल्यासारखा दिसतो.
- व्हेगसचा श्वानोमा कॅरोटिड आणि जुग्युलर शीर यांच्या मध्ये शिरून दोघींना वेगळं करतो.
- सिंपथेटिक साखळीचा (मानेतल्या मज्जातंतूंच्या उभ्या साखळीचा) श्वानोमा दोघींच्या मागे असतो आणि दोघींना एकत्रच पुढे ढकलतो.

पॅरागँग्लिओमाची शंका आली की रक्तातलं किंवा लघवीतलं मेटानेफ्रिन (अॅड्रिनलच्या रसायनांपासून बनणारा पदार्थ) तपासा. मानेतल्या बहुतेक पॅरागँग्लिओमांतून अॅड्रिनलसारखी रसायनं स्रवत नाहीत, पण ज्यांतून स्रवतात तिथे भूल देताना रक्तदाब उसळू शकतो. मानेच्या दुसऱ्या बाजूचाही स्कॅन पाहा, कारण हे ट्यूमर एकाहून जास्त असू शकतात.

सावधान: ठोके देणाऱ्या किंवा स्कॅनमध्ये खूप रक्तपुरवठा दिसणाऱ्या गाठीत सुई किंवा चाकू नको. पॅरागँग्लिओमाचं निदान चित्र आणि रक्ततपासणीवरूनच होतं. कॅल्शियम फार वाढलेलं आहे आणि थायरॉइडच्या मागे हाताला गाठ लागते, अशा वेळी पॅराथायरॉइडच्या कॅन्सरची शंका असते. तिथेही सुई टाळतात, कारण सुईच्या वाटेने पेशी सांडू शकतात.

मध्यरेषेतली सिस्ट काढायची ठरली असेल तर नेहमीच्या जागी थायरॉइड आहे ना, हे सोनोग्राफीत पाहून घ्या. क्वचित ती गाठ म्हणजेच माणसाची एकमेव थायरॉइड असते.

## पायरी ६: सुईची तपासणी, आणि नमुन्याची वाटणी

बारीक सुईने, बहुधा २३ ते २५ गेजच्या, पेशी काढतात. सोनोग्राफीखाली केली तर घट्ट भाग निवडून तिथूनच नमुना घेता येतो. पॅथॉलॉजिस्ट तिथेच हजर राहून पेशी पुरेशा आहेत का ते पाहत असेल, तर उत्तम.

सुई घालण्याआधीच नमुना कुठे-कुठे जाणार ते ठरवा. इथली चूक नंतर सुधारता येत नाही:

- काही स्लाइड हवेत वाळवून, काही लगेच अल्कोहोलमध्ये.
- उरलेल्यातून सेल ब्लॉक (पेशी मेणात बसवलेला ठोकळा), म्हणजे पुढे खास रंगतपासण्या करता येतात.
- टीबीची शंका असेल तर थोडा नमुना सलाइनमध्ये, जनुकीय चाचणी आणि कल्चरसाठी. फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) टाकलेल्या नमुन्यावर कल्चर होत नाही.
- लिम्फोमाची शंका असेल तर ताजा नमुना फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरच्या खुणांवरून त्यांचा प्रकार ओळखणारी तपासणी).
- बाजूच्या मानेतल्या पाणीदार ग्रंथीतून सुई धुतलेल्या सलाइनमध्ये थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशींत बनणारं प्रथिन) मोजता येतं. ते वाढलेलं असेल तर थायरॉइडचा कॅन्सर पसरल्याचं कळतं, स्लाइडवर पेशी नसल्या तरीही.

मागणीपत्रावर वय, नेमकी जागा, स्कॅनमध्ये काय दिसलं आणि तुमची शंका काय, हे लिहिलेलं असावं. "मानेतली गाठ" एवढंच लिहून पाठवलेल्या नमुन्यावर पॅथॉलॉजिस्ट अंधारात चाचपडतो.

## पायरी ७: रिपोर्ट वाचताना

"नमुना अपुरा" आणि "कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत" ही दोन्ही वाक्यं घरी आणल्यावर "कॅन्सर नाही" अशी वाचली जातात. पहिल्या वाक्याचा अर्थ तपासणी झालीच नाही असा आहे. दुसऱ्याचा अर्थ सुई जिथे गेली तिथे दिसल्या नाहीत, इतकाच. गाठ संशयित असेल आणि रिपोर्ट साधा असेल तर तपासणी पुन्हा, सोनोग्राफीखाली, किंवा जाड सुईची कोअर बायोप्सी. गाठ पुरती उलगडेपर्यंत फाइल बंद करू नका.

पाण्याने भरलेल्या गाठीबद्दल विशेष सांगतो. चाळिशीच्या पुढच्या माणसात जबड्याच्या कोनाखाली नव्याने आलेली सिस्ट ही जन्मजात ब्रँकियल सिस्ट आहे असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर आणि थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर, दोन्ही ग्रंथीत असंच पाणी साचवतात. पाणी काढलं, गाठ बसली, रुग्ण खूश, आणि महिन्याभरात ती पुन्हा भरली, असं होतं. पाणी काढल्यावर जो घट्ट भाग उरतो त्यातून पुन्हा सुई घ्यायलाच हवी. ग्रंथीत स्क्वॅमस (कातडीच्या किंवा आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा) कॅन्सर सापडला तर पी-१६ (एचपीव्हीची खूण) आणि ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) या तपासण्या मूळ जागा शोधायला मदत करतात: पहिली टॉन्सिल-जिभेच्या मुळाकडे, दुसरी नाकामागच्या घशाकडे बोट दाखवते. तरीही मूळ सापडलं नाही तर पेट-सीटी, आणि मग भूल देऊन घशाची तपासणी. पेट-सीटी आधी, कारण बायोप्सीनंतर सुजलेली जागाही त्यात उजळते.

ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा पुंजका) म्हणजे टीबीच, हेही समीकरण डोक्यातून काढावं लागेल. सार्कोइड, मांजराच्या ओरखड्याचा आजार, एवढंच काय, हॉजकिन लिम्फोमा असलेल्या ग्रंथीतही ग्रॅन्युलोमा दिसतात.

## पायरी ८: तुकडा घ्यावाच लागला तर

सुईने भागलं नाही तर कोअर बायोप्सी, आणि तिनेही नाही तर शस्त्रक्रियेने ग्रंथी. लिम्फोमाचा नेमका प्रकार ठरवायला बऱ्याचदा अख्खी ग्रंथी लागते. अशा वेळी सर्वांत मोठी, सर्वांत संशयास्पद ग्रंथी निवडावी, हाताला सोपी लागणारी नव्हे. शक्य तिथे न फोडता काढावी, आणि काप पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या रेषेत बसेल असा घ्यावा.

कानाखालच्या लाळग्रंथीतल्या गाठीचा अर्धवट तुकडा घेऊ नये. तिथला नेहमीचा प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा साधाच (कॅन्सर नसलेला) असतो, पण आवरण फुटून पेशी सांडल्या तर वर्षांनंतर अनेक गाठी होऊन परत येतो.

तपासून घ्या, ऑपरेशनच्या खोलीत जाण्याआधी: ताजा भाग कुणी, कशात आणि किती वेळात प्रयोगशाळेत न्यायचा? फॉर्मलिनचं प्रमाण तुकड्याच्या किमान दहापट आहे का? टीबी आणि बुरशीसाठी वेगळी बाटली आहे का? ही जबाबदारी नावानिशी ठरलेली नसेल तर अख्खी ग्रंथी फॉर्मलिनमध्ये जाते.

## पायरी ९: रिपोर्टवर अनोळखी नाव आलं

युरोपात वर्षाला एक लाख लोकांमागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण आढळणाऱ्या कॅन्सरला दुर्मीळ म्हणतात. म्हणजे एखादा चांगला पॅथॉलॉजिस्टही तो ट्यूमर अनेक वर्षांत एकदाच पाहतो. म्हणून उपचार सुरू होण्याआधी दुसऱ्या, त्याच प्रकारचे ट्यूमर नियमित पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. त्यासाठी नुसता रिपोर्ट पुरत नाही: मेणाचे ब्लॉक, रंगवलेल्या स्लाइड आणि स्कॅनच्या मूळ फाइल्स लागतात. ब्लॉक मागणं हा डॉक्टरांवरचा अविश्वास नाही.

काही नावं दोन्ही बाजूंनी फसवतात. किकुची आजारात तरुण व्यक्तीला ताप येतो, मानेत दुखऱ्या ग्रंथी येतात, स्लाइड लिम्फोमासारखी वाटू शकते, आणि आजार बहुधा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. रोझाई-डॉर्फमनमध्ये दोन्ही बाजूंना मोठमोठ्या ग्रंथी येतात, पण तो लिम्फोमा नव्हे. उलट, तरुण माणसात वेगाने वाढणारा, नीट ओळखू न येणारा स्क्वॅमस कॅन्सर असेल तर एनयूटी प्रथिनाची रंगतपासणी मागा. ती मागितली नाही तर एनयूटी कार्सिनोमा सापडत नाही. सार्कोमाच्या (स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींच्या कॅन्सरच्या) काही प्रकारांत सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र सारखंच दिसतं, फरक जनुकांच्या जोडणीतून कळतो.

यानंतर ट्यूमर बोर्ड: शस्त्रक्रिया, रेडिएशन, कॅन्सरची औषधं, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी यांचे तज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात. त्या बैठकीत एक प्रश्न मुद्दाम विचारा: स्कॅन, हाताला लागलेलं आणि स्लाइड, तिन्हींचं उत्तर एकच येतंय का? येत नसेल तर उपचार थांबवून नमुना पुन्हा पाहणं जास्त शहाणपणाचं.

पॅरागँग्लिओमा किंवा थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर निघाला तर जनुकीय तपासणी सुचवली जाते, मग घरात कुणालाच काही झालेलं नसलं तरी. मेड्युलरीमध्ये रेट जनुक पाहतात, पॅरागँग्लिओमात एसडीएच गटातली जनुकं. त्यातल्या एसडीएचडीचा दोष आईकडून आला तर आजार सहसा दिसत नाही, वडिलांकडून आला तर दिसतो. त्यामुळे तो एक पिढी गाळून पुढे जातो आणि "आमच्याकडे कुणाला नाही" हे खरं असूनही पुरेसं ठरत नाही. दोष सापडला तर भावंडं आणि मुलांची तपासणी कधीपासून सुरू करायची, हे जनुकीय सल्लागाराकडून लिहून घ्या.